गिळलेलं अक्षर

"नुसती गाणीच म्हणतासा व्हय ताई? मग शिकवतासा कवा?"

जून महिन्यात हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारा बाप मोटारसायकल चालूच ठेवून दारात थांबलेला असतो. पुढं टाकीवर पोरगं बसलेलं. रस्त्यापलीकडच्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीतल्या मुलांच्या वह्या त्यानं पाहिलेल्या असतात, पानंच्या पानं ए, बी, सी, डी. आमच्या अंगणवाडीत वहीच नाही. एक दोरी आहे, दोरीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना मुलांच्या नावांच्या पट्ट्या, आणि रोज सकाळी दहा मिनिटं चालणारं एक गाणं.

पूर्वी या प्रश्नानं मी ओशाळायची. आता म्हणते, "गाडी बंद करा, आत या, दहा मिनिटं बसा." बहुतेकांना वेळ नसतो. या लेखात ती दहा मिनिटं तुम्हाला दाखवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातल्या एका गावात मी २२ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. वाचायला शिकण्याची सुरुवात पेन्सिलीच्या कितीतरी आधी होते, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. ते शिकवलं त्या गाण्यानं, आणि गाण्यात अडलेल्या मुलांनी. (मुलांची खरी नावं इथं देत नाही. गाण्यात तशीच बसतील अशी दुसरी घेतली आहेत.)

दारातलं गाणं

साडेनऊला कुलूप निघतं. मदतनीस मावशी खिचडीची डाळ धुवायला घेतात, मी सतरंजी अंथरते. पटावर २६ मुलं, येतात अठरा-वीस. मूल चप्पल काढून आत आलं की आधी दोरीपाशी जातं आणि आपली पट्टी शोधून काढतं. पट्ट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या. एका कोपऱ्यात मुलानं स्वतः निवडलेलं चित्र, शेजारी ठळक काळ्या अक्षरात नाव. पट्टी हातात घेऊन मूल गोलात बसतं, आणि गाणं सुरू होतं. गाणं मीच जुळवलेलं आहे, त्यामुळे त्यात काव्य शोधू नका.

कोण आलं, कोण आलं?
दारात कोण आलं?
आरव आला, आरव आला,
घोळका आमचा मोठा झाला!

मुलगी असली की शेवट बदलतो:

सरिता आली, सरिता आली,
ओळ आमची लांब झाली!

बदलावाच लागतो, कारण 'आली' म्हटल्यावर 'झाला' जुळत नाही. आमच्याकडच्या मुली घरी 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. कोल्हापूरची ही बोलीच आहे, आणि ती मी कधी दुरुस्त करत नाही. पण गाण्यात 'सरिता आली' म्हटलं की पुढं 'झाली' येणार, हे तीन वर्षांच्या मुलीच्या कानाला आपोआप कळतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "सरिता आली, सरिता आली, घोळका आमचा मोठा झाला." सगळा गोल ओरडला, "चुकलंऽऽ!" काय चुकलं ते कुणालाच सांगता येईना. पण शेवटाला आवाज जुळला नाही, एवढं कानानं टिपलं होतं. वाचनाची पहिली पायरी म्हणतात ती हीच: शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्या नुसत्या आवाजाकडं लक्ष देणं.

माझी चूक

हे गाणं यायच्या आधी माझ्या अंगणवाडीतही तेच चालायचं जे सगळीकडं चालतं. मी आत आले की मुलं उभी राहून एका सुरात हेल काढायची, "गुऽऽड मॉर्निंऽऽग टीऽऽचर." पाहुणे आले की मी ते आवर्जून करून घ्यायची. ऐकायला छान वाटायचं.

त्या सुरात एक मुलगा रोज सगळ्यांत मोठा आ करायचा. चार महिन्यांनी एका सकाळी मी त्याच्या पाठीमागून त्याचं नाव घेतलं, तर त्यानं मान वळवली नाही. पुन्हा घेतलं, तरी नाही. दोन्ही कान वाहत होते त्याचे. इतके महिने तो बाकीच्यांचे ओठ बघून तोंड हलवत होता, आणि मला वाटत होतं पोरगं किती उत्साही आहे! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायला येतं. त्यांना दाखवलं, पुढं उपचार झाले, ऐकू यायला लागलं. पण चार महिने माझ्या डोळ्यांसमोर गेले, याचं खापर फोडायला माझ्याशिवाय कुणी नाही.

घोळक्याच्या सुरात मूल लपतं. म्हणून मला असं गाणं हवं होतं, ज्यात रोज प्रत्येकाचं नाव एकट्याचं येईल. नाव आलं की मूल काहीतरी करतंच. कुणी हात वर करतं, कुणी उडी मारतं, कुणी लाजून गुडघ्यात तोंड घालतं. लाजणाऱ्याला उठवायचं नाही, हा आमचा नियम. त्याचं नाव बाकीचे गातात, तो ऐकतो. एवढंही पुरतं.

"ताई, एक उरलं"

नावं गायला लागल्यावर टाळ्या आल्या. प्रत्येक नाव तोडून म्हणायचं आणि तुकड्याला एक टाळी. स-रि-ता, तीन टाळ्या. स्व-रा, दोन. ओम, एकच, आणि त्या एका टाळीचा ओमला फार अभिमान. दोन टाळ्यांची मुलं खिडकीपाशी, तीन टाळ्यांची दारापाशी, असा खेळ व्हायचा. सगळं छान चाललं होतं, आणि आरवनं घोळ घातला.

साडेचार वर्षांचा आरव. एके दिवशी स्वतःची पट्टी मांडीवर ठेवून, बोट टेकवत तो मोजत होता: आ, र, व. मग टाळ्या वाजवल्या: आ-रव. पुन्हा बोट, पुन्हा टाळ्या. शेवटी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ताई, एक उरलं."

टाळ्या दोन, अक्षरं तीन. एक अक्षर उरलं. मला उत्तर देता येईना. बाकीच्या पट्ट्या काढून बघितल्या तर हा घोळ सगळीकडं होता. सोहम: टाळ्या दोन, अक्षरं तीन. समर: तेच. ओमची टाळी एक, अक्षरं दोन. आणि गावातल्या गणपत आजोबांच्या नावाला तर टाळ्या दोन, गण-पत, आणि अक्षरं चार! सरिताचं मात्र बरोबर जमत होतं.

कोडं सोडवलं मदतनीस मावशींनी. त्या गावच्या महिला भजनी मंडळात टाळ धरतात. डाळीला फोडणी देता देता म्हणाल्या, "अवो, भजनात म्हनतो तसं म्हना की." आणि त्यांनी ठेका धरून लांबवत म्हटलं, आ-र-व. शेवटचा 'व' मोकळा, पूर्ण. आरवनं बोट टेकवत पुन्हा मोजलं. तीनाला तीन.

त्या दिवशी मला जे कळलं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. मराठी बोलताना आपण अक्षरं गिळतो. 'आरव' लिहितो तेव्हा 'व'मध्ये 'अ' असतो. बोलताना तो 'अ' तोंडातच राहतो आणि 'व' मागच्या 'र'ला चिकटतो. मोठ्यांना हे जाणवतही नाही, कारण आपण लिहिलेलं बघून बघून बोलण्यातही तीन अक्षरं 'ऐकतो'. मुलाचा कान अजून प्रामाणिक असतो. त्याला जे ऐकू येतं तेच तो मोजतो. मग शाळेत गेल्यावर आपण त्याला फळ्यावर 'क-म-ळ' दाखवतो, आणि बोलताना तो 'क-मळ' ऐकत असतो. काही मुलं इथंच अडखळतात आणि आपण म्हणतो, पोरगं मठ्ठ आहे.

गाणं हे गिळलेलं अक्षर परत देतं. भजनात 'विठ्ठल' म्हणताना शेवटचा 'ल' कसा उघडा होतो, ते आठवून बघा. अभंग हा अक्षरं मोजून रचायचा छंद आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आमच्या आज्यांना 'अ' की 'ब' येत नव्हतं, पण ओवीत कुठं काही कमी पडलं तर त्यांचा कान लगेच अडायचा. लिहिता न येणाऱ्यांचंही अक्षरभान तयार होतं ते असं, तोंडानं आणि ठेक्यानं. मावशी सातवीपर्यंत शिकल्यात. त्या सकाळी मात्र त्या माझ्या बाई होत्या.

तेव्हापासून आम्ही नाव दोनदा घेतो. एकदा बोलतो तसं, एकदा गातो तसं. आधी टाळ्या, मग पट्टीवर बोट.

डोक्यावरची रेघ

पट्टी हातात आली की मूल नाव अजून वाचत नसतं, ओळखत असतं. आधी ते चित्राकडं बघतं. दोन-तीन महिन्यांनी मी चित्राचा कोपरा दुमडून ठेवते. मग नावाच्या आकाराकडं लक्ष जातं. मग पहिल्या अक्षराकडं: "ताई, समरचा आणि माझा स सारखाच!" हे सांगायला सरिता अख्खी अंगणवाडी ओलांडून आली होती. सुमनच्या 'सु'ला मात्र त्या दोघांनी आपल्यात घेतलं नाही, कारण त्याच्या पायाशी शेपूट होतं. मीही आग्रह धरला नाही. मराठी मुलासाठी 'स' आणि 'सु' ही आधी दोन वेगळी अक्षरं असतात. दोन्हींत एकच आवाज लपलाय, हे नंतर कळतं.

गाणंही आम्ही लिहून टांगलं आहे, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर. नावाच्या जागी मोकळी खाच ठेवली आहे, तिथं ज्याची पाळी त्याची पट्टी अडकवायची. मी गाता गाता फूटपट्टीनं ओळीखाली सरकत जाते. काही न शिकवता मुलं यातून शिकतात की वाचायचं डावीकडून उजवीकडं, ओळ संपली की पुन्हा डावीकडं यायचं, आणि रोज तेच लिहिलेलं असतं म्हणून रोज तेच म्हटलं जातं. एका मुलीनं मला विचारलं, "ही डोक्यावरची रेघ मधेच तुटली का?" मी म्हटलं, तुटली तिथं काय होतं ते ऐक. तिनं गाणं म्हणत बोट फिरवलं आणि थांबून म्हणाली, "तितं दुसरं सुरू हुतंय." एक रेघ, एक शब्द. शिरोरेषा तुटते तिथं शब्द संपतो, हे तिला मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरली असती.

यात लिहिणं कुठं आलं? आलंच नाही. तीन-चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद यायला वेळ लागतो. तोवर मातीचे गोळे, मणी ओवणं, शेंगा सोलणं चालतं. वही पुढं आयुष्यभर आहेच.

दूरचा अभ्यास आणि जवळची परंपरा

एका प्रशिक्षणात ऐकलेल्या अभ्यासाची मी नंतर माहिती काढली. ऑक्सफर्डमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या चारशेवर मुलांना काही शब्द ऐकवून विचारलं, यातला न जुळणारा कोणता? ज्यांना यमक आणि आवाज नीट ओळखता आले, ती मुलं पुढं वाचनातही सरस निघाली. मग कान कच्चे असलेल्या ६५ मुलांवर त्यांनी दोन वर्षं प्रयोग केला. काहींना नुसते आवाजांचे खेळ दिले, काहींना त्याच खेळांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरं हाताळायला दिली. सगळ्यांत पुढं गेली ती आवाज आणि अक्षरं दोन्ही मिळालेली मुलं. हा अभ्यास १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. वाचल्यावर मला आमची दोरीच आठवली. टाळी म्हणजे आवाज, पट्टी म्हणजे अक्षर.

इंग्रजीचं मात्र जसंच्या तसं उचलता येत नाही. इंग्रजी मुलाला सुटा आवाज पकडावा लागतो, आपल्या लिपीचा घास अक्षराचा आहे. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली मांडला. त्यात दिसलं की अक्षराएवढा तुकडा मुलांच्या कानाला लवकर सापडतो, त्याच्या आतले सुटे आवाज हळूहळू उलगडतात, आणि सगळी अक्षरं आपलीशी व्हायला पहिलीदुसरीच्याही पुढं वेळ लागतो. कन्नडची लिपी मराठीच्याच कुळाची. तेव्हा बालवाडीत बाराखडी पाठ झाली नाही म्हणून कुणी कपाळाला हात लावू नये.

आणि हे सगळं परदेशातूनच यायला हवं होतं असंही नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसोरीची पद्धत इथं रुजवताना गोष्टी, गाणी, लोकगीतं यांना बालमंदिरात हक्काची जागा दिली. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथं मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा केंद्रांना हेच नाव मिळालं. माझ्या दारावरच्या पाटीतला हा शब्द ताराबाई-अनुताईंच्या कामातून आला आहे, हे मला नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर समजलं.

त्याच्याही मागं जायचं तर नाव गुंफून गाणं ही आपल्या घरातलीच रीत. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. नवी नवरी उखाण्यात नाव घेते, म्हणजे यमकाच्या आडोशानं नाव उच्चारते. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव दान देणाऱ्याचं नाव गाण्यात घेतो. आमची गावरान मुलं शाळेत येतात ती नाव आणि सूर यांची जोडी घेऊनच येतात. पहिल्या दिवशी हातात पाटी देऊन आपण ती जोडी मोडतो.

रोशनीची पट्टी

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्याचं धुराडं पेटतं आणि गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या एका टोळीतली रोशनी अशीच आली, चार वर्षांची. कानात गोरमाटी बोली, मराठी थोडी कळायची, तोंडातून शब्द नाही. आई-बाप पहाटे फडात जायचे, थोरली बहीण तिला आणून सोडायची.

पहिल्याच दिवशी तिची पट्टी केली. चित्र तिनं बैलाचं निवडलं. गोलात तिचं नाव आलं, "रोशनी आली, रोशनी आली", तेव्हा ती माझ्या पाठीमागं दडली. दहा-बारा दिवस तसंच. मग एक दिवस गाणं तिच्या नावावर येऊन थांबलं आणि पाठीमागून टाळ्या ऐकू आल्या. दोन. रोश-नी. मग मावशींनी गाऊन दाखवलं तशा तीन. रो-श-नी. पुढं तिनं पोरांना 'याडी' म्हणजे आई, हा शब्द शिकवला. आठवडाभर आमच्या गाण्यात सगळ्यांच्या याड्याच येत होत्या.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. निघायच्या आदल्या संध्याकाळी रोशनीची आई तिला घेऊन आली. कोयत्यानं हात चिरलेले, बोटांना चिंध्या. म्हणाली, "ताई, ती नावाची चिठ्ठी द्या. लई नाद हाय तिला." मी चिमटा काढून पट्टी दिली. रोशनीनं ती आईसमोर धरली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गायली. आई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माजंबी लिवता का?"

मी कपाटातून कोरी पट्टी काढली, पेनाचं टोपण काढलं. रोशनीनं माझा हात धरला. आधी टाळ्या, तिनं खुणेनं सांगितलं. आईला हसू आलं. तिनं स्वतःचं नाव उच्चारत टाळ्या वाजवल्या, क-मल. दोन. रोशनीनं मान हलवली. आईचे चिंध्या बांधलेले दोन्ही हात धरले आणि गात गात, एकेक करून, टाळ्या वाजवायला लावल्या.

क. म. ल.

मग मी तीन अक्षरं लिहिली.